मोटारीचे टेंडर, दोन प्रतींत

विष्णुपंत गर्ग्यांनी छत्तीस वर्षे मोटारी तपासल्या आणि एकही विकत घेतली नाही. जबलपुरात लष्कराचे ट्रक बनतात, त्या ट्रकांच्या तपासणी खात्यात ते होते. त्यांची सही झाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडत नसे, आणि सही करण्यापूर्वी ते ट्रकाभोवती ज्या चेहऱ्याने फिरत, तसा चेहरा मी पुढे फक्त मुलीच्या लग्नात एका व्याह्याचा पाहिला. संध्याकाळी पाच वाजता हेच विष्णुपंत स्कूटर कलती करून, तिला सहा किका मारून, राइट टाउनातल्या आमच्या गल्लीत परतत.

त्यामुळे यंदा होळी झाल्यावर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी मोटार घेण्याचे जाहीर केले तेव्हा गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कारण होते विनतावहिनींचा डावा गुडघा. वहिनी मुलींच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवत होत्या आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी शाळेच्याच जिन्यावरून घसरल्या. गुडघा जोडला गेला, पण स्कूटरवर मागे बसण्याइतका वाकेना. ई-रिक्षात चढल्या तर उतरवायला दोन माणसे लागत. दर सोमवारी नर्मदेकाठी ग्वारीघाटाला शरयूताईंकडे भजन असते. चाळीस वर्षांची मैत्री. पेटी शरयूताईंची, गळा वहिनींचा. गेल्या दोन वर्षांत वहिनी तिथे चार वेळा गेल्या. चारही वेळा कोणाला तरी विचारून, कोणाच्या तरी सवडीने, आणि तिसरे भजन संपायच्या आत कोणीतरी "चला, निघायचं ना?" म्हटल्यावर उठून.

"तिला सोमवारी घाटावर जाता आलं पाहिजे," विष्णुपंत मला म्हणाले. "बस. इतकीच आपली रिक्वायरमेंट."

हेतू चांगला होता. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि मला होती.

दिवाळीपासून वहिनी आणि माझी बायको विभावरी रोज सकाळी सातला योगाच्या वर्गाला जात. बायको योग करते याचा मला अभिमान वाटे. जानेवारीतल्या एका सकाळी मी दूध आणायला निघालो आणि समोरून ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी मोटार आली, साधारण वरातीच्या वेगाने. स्टिअरिंगवर वहिनी, शेजारी डोळे मिटलेले मास्तर, मागे पर्स छातीशी धरून विभावरी. वहिनींनी मला पाहिले. स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्यांनी ओठांवर बोट ठेवले. तेवढ्यात मोटार डेअरीच्या पाटीकडे वळली. मास्तरांनी डोळे उघडले, म्हणून ती पाटी आज जागेवर आहे.

फेब्रुवारीत वहिनींना लायसन्स मिळाले. परीक्षा सपाट मैदानात होती, तिथे गुडघ्याने कसेबसे निभावून नेले. निरोप देताना मास्तर म्हणाले, "मैडम, आप चलाती अच्छा हैं. बस बायाँ पैर साथ नहीं देता. क्लच तो आधे टाइम हम ही दबाते थे. आप ऑटोमैटिक ले लीजिए, उसमें क्लच होता ही नहीं. बाएँ पैर की छुट्टी."

"मग हे सांगा की विष्णुपंतांना," मोटार घ्यायचे जाहीर झाल्यावर मी वहिनींना म्हणालो.

"यांना सांगितलं तर हे आधी मला तपासतील," वहिनी म्हणाल्या. "आणि नापास करतील. छत्तीस वर्षांची सवय आहे. मोटार दाराशी येऊ द्या, मग बघते."

इथवर ठीक होते. पण मोटार कशी घ्यायची, हे विष्णुपंतांनी त्यांच्या पद्धतीने ठरवले.

आमच्या गल्लीत अकरा मोटारी आहेत, त्यातल्या सहा तोमिरा. तोमिरा म्हणजे डोळे मिटून घ्यायची मोटार, असे सगळे म्हणतात. तीच तिची तक्रारही आहे. त्याच मापाची नंदक जवळजवळ एक लाखाने स्वस्त आहे, एल्विना तिच्या थोडी वर, आणि तोमिरा आपली सगळ्यांच्या वर बसून लोकांची वाट पाहते. लोक येतातही. "सब नाम का पैसा है," असे आमचे शेजारी भय्यासाहेब पहिल्या तोमिराच्या वेळी म्हणाले होते. दुसरी घेतानाही त्यांनी तेच सांगितले.

विष्णुपंतांना डोळे मिटून काही घेणे माहीत नव्हते. त्यांनी टेंडर काढले.

हे मी गमतीने म्हणत नाही. त्यांनी त्रेचाळीस कलमांची निविदा सूचना टाइप करून घेतली, तीन शोरूममध्ये स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली. तोमिराच्या शोरूममध्ये स्वागताला बसलेल्या मुलीने कागदाचा मथळा वाचून आतून मॅनेजरला बोलावले. त्यांना वाटले, जीएसटीवाले आले. सूचनेप्रमाणे भाव बंद लिफाफ्यात, लाखेची मोहोर करून, दोन प्रतींत भरायचा होता. लिफाफे रविवारी सकाळी अकरा वाजता, गर्ग्यांच्या दिवाणखान्यात, सर्वांसमक्ष उघडायचे होते. शिवाय प्रत्येक शोरूमने दोन हजार रुपये अनामत विष्णुपंतांकडे ठेवायची होती. मोटार विकत घेणारे गिऱ्हाईक शोरूमकडे पैसे मागतो, हा प्रकार जबलपुरात पहिल्यांदाच घडत असावा.

"श्रीरंगराव, तुम्ही रेल्वेत अकाउंट्सला होते. म्हणून तुम्ही फायनान्स मेंबर," ते मला म्हणाले. "नाही म्हणायचं नाही."

"बाकी कमिटीत कोण?"

"मी चेअरमन. आणि टेक्निकल मेंबरही मीच."

"मतभेद झाला तर?"

"होणार नाही," विष्णुपंत म्हणाले.

शुक्रवारी दुपारी वहिनी सूचनेची प्रत घेऊन आमच्याकडे आल्या. खुर्चीवर बसून डावा पाय त्यांनी समोरच्या पाटावर ठेवला आणि कागद माझ्यापुढे केला.

"सतरावं कलम वाचा, भाऊजी."

सतरावे कलम असे होते: गिअर हाताने बदलण्याचे असावेत, स्वयंचलित गिअर ही चैनीची बाब असल्याने विचारात घेतली जाणार नाही.

"आता काहून गप बसली तू?" विभावरी म्हणाली. "सांगून टाक ना सरळ."

"सांगितलं तर आठ दिवस चौकशी. कधी शिकली, कोणाला विचारून शिकली, क्लास किती वाजता होता. मोटार राहील बाजूला. आणि शेवटी म्हणतील, या गुडघ्याने? झालं. मग ड्रायव्हर येईल. मग मी ड्रायव्हरला विचारत बसेन, भैया, सोमवारी जमेल का." वहिनींनी कागदाची घडी घातली. "मला कोणाला विचारायचंच नाहीये, विभा. आयुष्यभर मागे बसूनच गेली ना मी सगळीकडे. स्कूटरवर मागे, रिक्षात मागे." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कमिटीत आहात. काही करा."

"फायनान्स मेंबरला काही करता येत नाही, वहिनी. झाल्यावर आक्षेप घेता येतो."

विभावरीने माझ्याकडे पाहिले. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली तरी त्या पाहण्याची सवय झालेली नाही.

रविवारी अकराला दिवाणखान्यात मधले टेबल रिकामे करून त्यावर हिरवे कापड अंथरले होते. नंदकचा योगेंद्र वेळेच्या आधी आला. अनामत रकमेचे कलम त्याच्या मॅनेजरला समजले नव्हते, म्हणून त्याने कमानिया गेटकडून खोव्याच्या जलेबीचा डबा आणला होता. विष्णुपंतांनी डबा उघडला नाही. त्याच्या भोवती सुतळी बांधली, वर चिठ्ठी चिकटवली, "निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत", आणि तो कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. फायनान्स मेंबर या नात्याने मी तेव्हाच आक्षेप घ्यायला हवा होता.

तोमिराकडून प्रणोती नावाची मुलगी आली. पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र. तिचे आडनाव वाचून विष्णुपंत खूश झाले. "अरे, आपल्यातलीच की! मराठी येतं ना?"

"समजतं, अंकल. बोलायला थोडी... गड़बड़ होते. आई हसते."

"बोल बोल. इथे कोणी नाही हसून राहिलं."

एल्विनाने कोणाला पाठवले नाही. त्यांनी भाव व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, बरोबर हात जोडल्याचे एक चित्र. मोहोर नाही, लिफाफा नाही, दुसरी प्रत नाही. विष्णुपंतांनी चष्मा लावून तो मोबाइलवर वाचला आणि "अपात्र" म्हणाले. भाव बरा होता.

मग ब्लेडने लिफाफे उघडले. नंदक: आठ लाख दहा हजार, रस्त्यावर येईपर्यंत. तोमिरा: नऊ लाख पाच हजार. विष्णुपंतांनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले, दोघांच्या सह्या घेतल्या आणि जाहीर केले, "नंदक एल-वन." सरकारी खरेदीत सर्वांत कमी भाव भरणाऱ्याला एल-वन म्हणतात. एकदा एल-वन ठरला की बाकीच्यांनी चहा पिऊन जायचे असते.

पण विष्णुपंत न्यायी माणूस. ते प्रणोतीला म्हणाले, "तुमचे पंचाण्णव हजार जास्त आहेत. ते कशाचे? कमिटीला समजावून सांगा."

"अंकल, तोमिराची रीसेल बहुत अच्छी आहे. पाच सालांनी पण—"

"मी विकायला नाही घेऊन राहिलो, बाळा. बहात्तराव्या वर्षी घेतलेली वस्तू माणूस वापरतो. विकायची ती मुलं विकतील. त्यांचा फायदा टेंडरमध्ये धरत नाहीत."

"सर्विस सेंटर हर जगह. मंडला, सिवनी, नरसिंहपूर..."

"गाडी बिघडत नाही म्हणता ना तुम्ही?"

"नाही बिघडत, अंकल."

"मग इतकी सर्विस सेंटरं काहून उघडली?"

योगेंद्रला हसू आले. त्याने संधी साधली. "सर, हमारा दरवाज़ा बंद करके देखिए. ऐसी आवाज़ आती है, जैसे सराफे में तिजोरी बंद हुई."

"आवाजाचा कॉलम नाहीये," विष्णुपंत म्हणाले आणि त्यालाही गप्प केले. मग पुन्हा प्रणोतीकडे. "अजून?"

"चालवायला हलकी आहे," ती म्हणाली. "मम्मी लोक चालवतात. मेरी मम्मी भी."

"चालवणाऱ्याचाही कॉलम नाहीये."

तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. पडद्याआड त्या केव्हापासून उभ्या होत्या ते मला माहीत होते, कारण पडद्याखालून त्यांचा पाय दिसत होता. ट्रे टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, एक विचारू का कमिटीला? मोटार चालवणार कोण?"

विष्णुपंतांनी निविदेचा कागद पुढे ओढला. त्रेचाळीस कलमे होती. टायरच्या नक्षीची खोली होती, वायपरच्या रबराची लांबी होती, डिकीत गॅसचा सिलिंडर आडवा मावतो की नाही हे होते. चालवणार कोण, हे कुठेच नव्हते. विष्णुपंतांची चूक म्हणता येणार नाही. फॅक्टरीत ट्रक तपासायला आला की त्याच्याबरोबर ड्रायव्हर येतच असे, ट्रान्सपोर्ट विभाग पाठवी. छत्तीस वर्षांत त्यांनी ड्रायव्हर मागवला नव्हता. त्यांचे स्वतःचे लायसन्स स्कूटरचे.

"ड्रायव्हर ठेवू की," ते कागद परत ठेवत म्हणाले.

"कितीला मिळतो हो भैया आजकाल?" वहिनींनी योगेंद्रला विचारले.

योगेंद्र बिचारा सरळ मुलगा. "बारह हज़ार से कम में तो कोई नहीं आता, आंटी जी. ऊपर से दिवाली."

"आणि क्लच नसलेली तोमिरा कितीला, गं?"

"ऑटोमैटिक? नौ लाख साठ," प्रणोती म्हणाली.

"तुमची?" योगेंद्रला.

"हमारी ऑटोमैटिक सिर्फ टॉप मॉडल में है, आंटी जी. दस चालीस."

"श्रीरंगभाऊजी, तुम्ही फायनान्स मेंबर. तोमिराची ऑटोमॅटिक नंदकपेक्षा किती महाग?"

"दीड लाखाने," मी म्हणालो.

"आणि दीड लाखात ड्रायव्हर किती महिने?"

"साडेबारा." इतक्या वर्षांनी तोंडी हिशेब विचारला गेला याचा आनंद माझ्या आवाजात आला असावा, कारण विष्णुपंतांनी चष्म्यावरून पाहिले.

"अगं, पण ऑटोमॅटिक असली म्हणून काय ती आपोआप चालते?" ते म्हणाले. "कोणी तरी बसावं तर लागेल ना स्टिअरिंगवर!"

वहिनींनी कपांच्या मधे लायसन्स ठेवले.

विष्णुपंतांनी ते उचलले. पुढून पाहिले, मागून पाहिले. खिडकीशी जाऊन उजेडात धरले. अंगठ्याच्या नखाने कडा तपासली. तारीख दोनदा वाचली. अस्सल होते. अस्सल वस्तू हातात आल्यावर ते नेहमी थोडे हिरमुसत.

"फेब्रुवारी," ते म्हणाले. "म्हणजे तू सकाळी योगाला..."

"नव्हती जात."

"आणि विभावरी?"

"ती मागे बसायची. हनुमान चालिसा म्हणत."

विष्णुपंत माझ्याकडे वळले. "श्रीरंगराव, तुम्हाला ठाऊक होतं?"

"आक्षेप घ्यायची वेळ आली नव्हती," मी म्हणालो.

ते बसले. चहा घेतला. आपल्याच घरात चार महिने एक काम चालले आणि तपासणी खात्याला पत्ता नाही, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. राग म्हणावा तर तो नव्हता. योगेंद्र आणि प्रणोती एकमेकांकडे पाहत होते. प्रतिस्पर्धी असूनही त्या क्षणी दोघे एका बाजूला होते.

"ठीक आहे," विष्णुपंत कप ठेवून म्हणाले. "ट्रायल होईल. उद्या दुपारी साडेतीन. मदनमहालच्या टेकडीचा चढ. चढावर मधेच थांबायचं आणि गाडी एक हातही मागे न येता पुन्हा निघायचं. तीन वेळा. लष्कराचा ट्रक यातून जातो, मग मोटार काहून नाही? पास झाली तर सतरावं कलम रद्द. नाही झाली तर ड्रायव्हर, आणि पुन्हा हा विषय नाही."

"मंजूर," वहिनी म्हणाल्या. मग त्या कप गोळा करू लागल्या.

सोमवारी चढाच्या पायथ्याशी दोन्ही मोटारी उभ्या होत्या. नियमाप्रमाणे एल-वन आधी. वहिनी नंदकमध्ये बसल्या, शेजारी योगेंद्र, मागे मी आणि पॅडवर कागद लावून विष्णुपंत. वहिनींनी आरसे नीट केले, पदर खोचला, नर्मदामाईचे नाव घेतले आणि गाडी काढली. बरी काढली. अर्ध्या चढावर विष्णुपंत म्हणाले, "थांब."

गाडी थांबली. मागे टरबुजांचा हातगाडीवाला चढ चढत होता, तोही थांबला.

"चल."

वहिनींनी क्लच दाबला. डावा गुडघा वर आला, तिथेच अडला, आणि पाय घसरला. इंजिन आचका देऊन बंद पडले आणि गाडी मागे निघाली. योगेंद्रने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. टरबूजवाला आपल्या गाडीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आराम से, माताजी. हम कहीं नहीं जा रहे."

दुसऱ्यांदा गाडी दोन हात मागे आली. तिसऱ्यांदा वहिनींनी गिअर टाकलाच नाही. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून त्या समोर पाहत बसल्या. विष्णुपंतांनी पॅडवर काही लिहिले, मग दार उघडून खाली उतरले. रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून त्यांनी मागच्या चाकाला लावला, पायाने ठोकून पक्का केला आणि पुढच्या खिडकीशी आले.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नको."

"दुखतंय," वहिनी म्हणाल्या. "झालं ना? लिहा नापास. चला घरी. ठेवा तुमचा ड्रायव्हर." त्यांनी दार उघडले आणि पाय बाहेर काढला. पायाला उतरायला वेळ लागला. मी तोंड फिरवले.

"घरी कसं जाता येईल?" विष्णुपंत म्हणाले. "दुसरी गाडी राहिली आहे."

"मला नाही बसायचं."

"विनता, ट्रायल अर्धवट सोडता येत नाही." पॅड त्यांनी तिच्यासमोर धरले. "हे बघ, काय लिहिलंय. नंदक, चढावर, या वापरणाऱ्यासाठी नापास. मी गाडी नापास केली आहे. तुझा रिमार्क अजून कोरा आहे. तो असा कोरा ठेवून मी फाइल बंद केली नाही आजवर, आणि आता तर मुळीच नाही करणार. बस त्या गाडीत."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या खांद्याचा आधार घेत, उतार उतरून तोमिरापर्यंत गेल्या. योगेंद्र धोंड्याजवळ उभा राहिला. त्याची गाडी, त्याला सोडवेना.

तोमिरात प्रणोती शेजारी बसली. "आंटी, लेफ्ट पाय तिकडे कोपऱ्यात ठेवून द्या. विसरून जा त्याला. फक्त राइट." वहिनींनी तो पाय उचलून कोपऱ्यात ठेवला. गाडी निघाली. टरबूजवाला आमच्याकडे ओळखीचे बघत बाजूला झाला.

"थांब," विष्णुपंत म्हणाले.

थांबली.

"चल."

वहिनींनी ब्रेकवरचा पाय काढला. क्षणभर काहीच झाले नाही. मी सीटची कड धरली. मोटार मागे आली नाही. मग वहिनींचा उजवा पाय हलला आणि ती चढाला लागली.

"थांब," लगेच. "चल." वीस हातांवर पुन्हा, "थांब. चल." चौथ्यांदा ते थांब म्हणाले तेव्हा वहिनी थांबल्या नाहीत.

"तीन झाले," त्या आरशात बघून म्हणाल्या.

"इंडिकेटर चालू राहिला आहे," विष्णुपंत म्हणाले. "मघापासून."

"राहू दे."

चढ संपला. तिथे वळून परत यायचे होते. वहिनींनी वळवली नाही. खाली उतरून मोटार सरळ दक्षिणेला लागली. प्रणोतीने दोन चौक वाट पाहिली आणि मग हळूच विचारले, "आंटी, कुठे चाललो? टेस्ट ड्राइव्ह पाच किलोमीटरचीच असते."

"आज सोमवार आहे," वहिनी म्हणाल्या.

शोरूमला फोन लावून प्रणोती मॅनेजरला हिंदीत बराच वेळ काही सांगत होती. त्यात "सर, कस्टमर नहीं उतर रहीं" हे वाक्य दोनदा आले.

शरयूताईंचे घर घाटाच्या अलीकडे, रस्त्यालगत. आम्ही पोहोचलो तेव्हा भजन सुरू व्हायचे होते. शरयूताई दारात आल्या, स्टिअरिंगवर वहिनींना पाहिले, आणि तोंडाला पदर लावून ओट्यावरच बसल्या. "कोणी आणलं तुला?" त्यांनी सवयीने विचारले, आणि मग दोघी अशा हसायला लागल्या की आत बसलेल्या बायका बाहेर आल्या.

आम्ही दोघे ओसरीवर बसलो. प्रणोतीला शरयूताईंनी आत ओढून नेले आणि हातात टाळ दिले. पाच वाजता पेटी लागली. पहिले भजन झाले, दुसरे झाले. तिसरे संपत आले तसे विष्णुपंतांनी सवयीने घड्याळ पाहिले, तोंड उघडले, आणि मिटले.

"काही म्हणत होते का?" मी विचारले.

"नाही," ते म्हणाले. "आपल्याला काय घाई? गाडी तिची आहे. निघेल तेव्हा निघेल." मग पॅड मांडीवर घेऊन त्यांनी उरलेला रकाना भरला. मी वाकून वाचले. *इंडिकेटर बंद करण्याची सवय नाही. बाकी योग्य.*

मंगळवारी खरेदीची टिप्पणी तयार झाली. विष्णुपंतांनी ती मला सहीसाठी दिली. तीन ओळी होत्या. तोमिरा, स्वयंचलित. भाव जास्त आहे. मंजूर. मी सही केली. कपाट उघडून जलेबीचा डबा बाहेर काढला गेला, तेव्हा ती खाण्याच्या पलीकडे गेली होती. फायनान्स मेंबरचा आक्षेप मी त्याच कागदावर खाली लिहिला.

मोटार येऊन आता दोन महिने झाले. परवा भय्यासाहेब विष्णुपंतांकडे आले. त्यांच्या जावयाला मोटार घ्यायची आहे. "पंतजी, आपने तो पूरी जाँच की थी. सच बताइए, तोमिरावाले इतना ज़्यादा लेते हैं, वो वसूल होता है कि नहीं?"

मी तिथेच होतो. विष्णुपंतांनी फाइल काढली. तक्ता उघडला. नंदकचा पत्रा जाड आहे, हे सांगितले. एल्विनाचा भाव बरा होता, पण लिफाफा नव्हता, हे सांगितले. तोमिराचे पंचाण्णव हजार कशाचे, हे शेवटपर्यंत कळले नाही, क्लच काढण्याचे पुढचे पंचावन्न हजार मात्र बरोबर कळले, असेही म्हणाले. भय्यासाहेबांना काही बोध होईना.

"मतलब लें कि न लें?"

"ते चालवणाऱ्यावर आहे. आमच्या घरी चालवणारीला विचारा."

"तो बुलाइए न भाभीजी को."

"घरी नाहीये."

"आज तो गुरुवार है! कहाँ गईं?"

"माहीत नाही," विष्णुपंत फाइलची नाडी बांधत म्हणाले. "मला विचारून नाही गेली." मग उठून त्यांनी आम्हा दोघांसाठी चहा ठेवला, जो त्यांना अजून नीट जमत नाही.